गच्चीवरचा उन्हाळी बार्बेक्यू आणि तब्येत: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात इंदुरात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. दिवस मावळला की मात्र साडेपाचशे मीटर उंचीवरचं हे पठार निवायला लागतं, आणि ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीची, खरी मजा गच्चीवरच येते. मग शेगडी पेटते, कोळशाची पिशवी फुटते आणि त्याबरोबर प्रश्नही सुरू होतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

बार्बेक्यू मुळातच तब्येतीला वाईट असतो का?

नाही. तळणीपेक्षा तेल कितीतरी कमी लागतं, आणि भाज्या निखाऱ्यावर जितक्या आवडीने खाल्ल्या जातात तितक्या ताटात वाढून जात नाहीत. गडबड होते ती दोन ठिकाणी. मांस फार तापलं आणि करपलं की त्यातल्या प्रथिनांपासून ‘हेटेरोसायक्लिक अमाइन्स’ नावाची रसायनं बनतात. दुसरं म्हणजे चरबी किंवा तेल निखाऱ्यावर ठिबकलं की जो धूर उठतो, त्यात ‘पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स’ असतात आणि ती वर भाजत असलेल्या पदार्थावर जाऊन बसतात. कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या पदार्थांत दोन्हींची गणना होते. पहिली रसायनं मांस-मासळीतच बनतात, पनीर-भाज्यांत जवळजवळ नाहीत. दुसरी मात्र धुरातून येतात, त्यामुळे तेलात निथळणारं पनीरही त्यातून सुटत नाही.

वर्षातून चार-सहा वेळा होणाऱ्या बार्बेक्यूत या रसायनांपेक्षा भोवतालच्या गोष्टीच जास्त नडतात: मीठ, तूप, गोड पेयं, आणि तासन् तास उघड्यावर पडलेलं कच्चं चिकन.

कोळसा किती घ्यावा आणि जाळी कधी चढवावी?

सहा-आठ माणसांना साधा लाकडी कोळसा दीड ते दोन किलो पुरतो. पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात नको. वास पदार्थात उतरतो आणि भडका उडून भाजण्याचा धोका वेगळाच. कोरड्या गोवरीचे तुकडे, नारळाच्या शेंड्या किंवा कागदाचे बोळे खाली ठेवून वर कोळशाचा उंच ढीग करा आणि वारा घाला. पसरलेला कोळसा लवकर पेटत नाही, ढिगाचा पेटतो.

पंचवीस-तीस मिनिटांनी ज्वाळा बसतात आणि निखाऱ्यांवर राखेचा करडा थर येतो. जाळी तेव्हा चढवायची. काळे कोळसे दिसत असताना मांस चढवलं की ते धुराने काळवंडतं, आणि आपल्याला वाटतं भाजलं. आच मोजायची युक्ती जुनीच आहे: जाळीवर वीतभर उंचीवर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला तर आच कडक, चार-पाच सेकंद राहिला तर मध्यम, सहा-आठ सेकंद राहिला तर मंद. चिकन आणि मासळी मध्यम आचेची, वांगं-कांदा मंद आचेचे.

निखारे शेगडीत सगळीकडे सारखे पसरू नका. दोन तृतीयांश भागात ठेवा, उरलेला तिसरा भाग रिकामा सोडा. पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर या रिकाम्या कोपऱ्यात आहे.

मधूनमधून ज्वाळा उसळतात. पाणी मारावं का?

नको. पाण्याने राख उडून पदार्थावर बसते आणि वाफेने हात भाजतो. पदार्थ रिकाम्या कोपऱ्यावर सरकवा; ठिबकणं थांबलं की ज्वाळ आपोआप बसते. सारख्या उसळत असतील तर मुरवणीत (मॅरिनेडमध्ये) तेल जास्त झालंय किंवा चिकनची कातडी-चरबी काढलेली नाही. एक किलो चिकनला एक मोठा चमचा तेल भरपूर होतं. वरून ब्रशने बटर फासणं हा हॉटेलचा सोस आहे, घरी त्याची गरज नाही.

चिकन बाहेरून काळं आणि हाडाजवळ कच्चं राहतं. चूक कुठे होते?

बहुतेकदा तीन चुका एकत्र होतात. चिकन नीट न वितळवता अर्धवट गोठलेलं चढवलं, तुकडे लहान-मोठे ठेवले, आणि सगळं कडक आचेवर धरलं.

गोठलेलं चिकन आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवा, ओट्यावर नाही. मे महिन्यात ओट्यावर बाहेरचा थर तासाभरात कोमट होतो आणि आत अजून बर्फ असतो. बिनहाडाचे तुकडे साधारण दीड इंचाचे, सगळे सारखे कापा. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटांत होतात. दर मिनिट-दीड मिनिटाने उलटा. एकदाच उलटण्यापेक्षा सारखं उलटत राहिलं तर पृष्ठभाग फार तापत नाही आणि ती नको असलेली रसायनंही कमी बनतात. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन खोल चिरा द्या, आधी रिकाम्या कोपऱ्यावर झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्या आणि शेवटची पाच-सात मिनिटंच निखाऱ्यावर आणा. घाई असेल तर तंगड्या खाली कुकरमध्ये किंवा कढईत दहा मिनिटं वाफवून थेट जाळीवर चढवा. अर्धवट शिजवून दोन तास ठेवून द्यायचं आणि मग भाजायचं, हे मात्र नको. जंतूंना त्याहून सोयीचं दुसरं काही नाही.

शिजलं हे रंगावरून ठरवू नका. हळद-तिखटाने कच्चं चिकनही शिजल्यासारखं दिसतं, आणि कोवळ्या ब्रॉयलरचं हाड शिजल्यावरही गुलाबी राहू शकतं. सळईसारखा टोकदार थर्मामीटर ही बार्बेक्यूतली सगळ्यात उपयोगी खरेदी आहे, रंगीबेरंगी चिमट्यांपेक्षा नक्कीच. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. चिकन ७४ अंश सेल्सियस, खिम्याचे कबाब ७१ अंश, मासळी ६३ अंश. मटणाचे अख्खे तुकडे ६३ अंशांना उतरवून तीन मिनिटं झाकून ठेवावेत.

आणि हो, कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. ही सवय घरोघरी आहे, पण धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जातात. आचेनेच ते मरतात.

मुरवण कशी करावी? ती फक्त चवीसाठीच असते का?

फक्त चवीसाठी नाही. दही, लिंबू, आलं-लसूण, हळद असलेल्या मुरवणीने मांसावर ओलसर थर बसतो आणि भाजताना बनणारी अपायकारक रसायनं बरीच कमी होतात.

एक किलो बिनकातडीच्या चिकनला चक्का २०० ग्रॅम, लिंबाचा रस २ मोठे चमचे, आलं-लसूण वाटण १ मोठा चमचा, हळद, तिखट आणि जिरेपूड प्रत्येकी १ छोटा चमचा, मोहरीचं तेल १ मोठा चमचा, मीठ १ छोटा चमचा सपाट. पातळ दही घेतलं तर मुरवण गळून निखाऱ्यावर पडते, म्हणून चक्काच हवा. अर्धा किलो दही फडक्यात बांधून चार तासांत साधारण निम्मं राहतं, पण या दिवसांत ते फ्रिजमध्ये बांधा; खुंटीला टांगलेलं दही आंबून जातं.

चिकन चार ते सहा तास, तेही फ्रिजमध्ये. मासळीला वीस-तीस मिनिटं पुरेत, जास्त वेळ आंबटात राहिली की ती भुसभुशीत होऊन जाळीतून खाली पडते. पनीरला तासभर. मध, गूळ किंवा साखर असलेलं काहीही शेवटच्या दोन मिनिटांत लावा. आधी लावलं तर चिकन शिजायच्या आत गोड करपतं आणि कडू लागतं.

कच्च्या चिकनमधली उरलेली मुरवण भाजताना वरून लावायची असेल तर आधी वेगळ्या पातेल्यात खळखळून उकळा. नाहीतर थोडी मुरवण सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा, हे सोपं.

पनीर हलकं ना? मग कितीही चालेल?

इथे शाकाहारी मंडळींचा मोठा गैरसमज आहे. १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं असतात, पण स्निग्धांशही वीस-पंचवीस ग्रॅम. कातडी काढलेलं चिकन त्यापेक्षा कितीतरी हलकं. माणशी ७५ ग्रॅम पनीर धरा आणि सळईवर दोन तुकड्यांच्या मध्ये भाजीचे तीन तुकडे येऊ द्या. टोन्ड दुधाचं घरी केलेलं पनीर चालतं, मात्र रात्रभर वजनाखाली दाबून ठेवा. ओलं राहिलं तर सळई घालतानाच तुटतं. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर पनीरआधी काडीच पेटते.

पनीर आणि बटाटा सोडून शाकाहारी काय काय भाजता येतं?

खरं तर जाळीवर सगळ्यात जास्त गंमत इथेच आहे. मे महिन्यात चोइथराम मंडीत चांगला फ्लॉवर आणि गाजर शोधण्यात अर्थ नाही, ते थंडीचे. वांगी, भेंडी, दुधी, दोडका, ढोबळी मिरची, कांदे आणि कैऱ्या या दिवसांच्या.

भरताचं वांगं सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर वाफ कोंडून फुटतं. मंद निखाऱ्यात थेट ठेवा, वीस-पंचवीस मिनिटं, फिरवत. देठाजवळ बोट सहज रुतलं की झालं. साल काढताना काळे कण पुसून काढा, पण पाण्याखाली धरू नका, सगळा धुराचा स्वाद वाहून जातो. भरताला फोडणी न घालता कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि दही घातलं तर चार जणांत मिळून एक छोटा चमचा तेलही लागत नाही. शेंगदाण्याचं कूट घालायचंच असेल तर दोन चमचे, वाटीभर नाही.

कांदे सालीसकट राखेत पुरा. अर्ध्या तासाने बाहेरची दोन पापुद्री काढली की आत मऊ, गोड कांदा. लिंबू पिळला की बस. भेंडी आडवी, दोन सळयांवर शिडीसारखी ओवा. एका सळईवर ती गोल फिरते आणि एकाच बाजूने करपते. दुधीच्या बोटभर जाडीच्या चकत्या मध्यम आचेवर दहा मिनिटं. दुधीचा एक तुकडा आधी कच्चा चाखून लगेच थुंकून टाका, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीतलं विष भाजून जात नाही आणि त्याने माणसं गंभीर आजारी पडतात.

प्रथिनांसाठी राजमा किंवा काबुली चण्याचे कबाब आहेत. वाटीभर चणे भिजवून, शिजवून, पूर्ण निथळून जाडसर वाटा. त्यात भाजलेलं बेसन ३ मोठे चमचे, किसून पिळलेला कांदा, आलं, मिरची. चणे ओले राहिले तर कबाब सळईवरून ओघळतात. तसं होत असेल तर सळईचा नाद सोडा आणि चपटे करून तव्यावर, निखाऱ्यावरच भाजा.

एक व्यवस्था मात्र करा: भाज्या पहिल्या चढवा. भूक कडकडून लागलेली असते तेव्हा जे पहिलं येतं ते संपतं. चिकन येईपर्यंत ताटात वाटीभर भाजी गेलेली असली की चिकन आपोआप कमी लागतं.

कणीस?

देशी भुट्टा पावसाळ्यातला. मे महिन्यात मिळतं ते बहुतेक स्वीट कॉर्न. ते पाण्यात वीस मिनिटं भिजवून सालीसकट भाजा, पंधरा मिनिटं. बटरऐवजी लिंबू आणि तिखट. मिठाची गरज लिंबूच बऱ्यापैकी भागवतं.

दाल-बाफले तर इंदूरचा स्वतःचा बार्बेक्यू. तो कमी तुपात होतो का?

होतो, आणि नीट केला तर कोरडाही लागत नाही. बट्टी कणकेच्या कच्च्या गोळ्याची थेट भाजतात. बाफला आधी पाण्यात उकळून मग भाजतात. उकळल्यामुळे तो आतून शिजलेला आणि मऊ असतो, म्हणजे मऊपणासाठी त्याला तुपाच्या पातेल्यात बुडवायची गरजच नसते. ती पद्धत चवीची आणि यजमानाच्या दिलदारपणाची आहे.

जाडसर दळलेली कणिक अर्धा किलो, मक्याचं पीठ १०० ग्रॅम, दही २ मोठे चमचे, मोहनाला तूप २ मोठे चमचे, ओवा १ छोटा चमचा, हळद अर्धा, मीठ १ छोटा चमचा सपाट. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. लिंबाएवढे, साधारण ६० ग्रॅमचे गोळे करा; पंधराएक होतात. याहून मोठे केले तर मधला भाग चिकट राहतो. उकळत्या पाण्यात सोडा, वर तरंगायला लागले तरी काढू नका, एकूण पंधरा-वीस मिनिटं उकळू द्या. मग कापडावर पसरून वरचं पाणी पूर्ण सुकू द्या, कमीत कमी पंधरा मिनिटं. ओला बाफला निखाऱ्यावर गेला की वरचा पापुद्रा होत नाही आणि राख चिकटून बसते. गोवऱ्यांचा धूर पूर्ण गेल्यावर, लाल निखारे राहिल्यावर वर जाळी ठेवून पंधरा-वीस मिनिटं फिरवत भाजा. धुरात भाजलेला बाफला खमंग नसतो, कडवट असतो.

आता तूप. एका छोट्या चमच्यात सुमारे ४५ कॅलरी. अख्खा बाफला बुडवला की तो भेगांतून पिऊन घेतो आणि किती प्यायला ते कळत नाही. त्याऐवजी बाफला गरम असताना ताटात कुस्करा, आधी डाळ ओता, डाळ मुरू द्या आणि मग वरून एक छोटा चमचा तूप. तूप वर राहतं, वास पहिल्या घासाला येतो. बाफले माणशी दोन, डाळ दोन वाट्या. प्रमाण असं ठेवलं तर जेवण पिठाचं न राहता डाळीचं होतं. सोबत लसणाची चटणी आणि काकडी. लाडू नंतर कोणी मागितला तर अर्धा.

मीठ इतकं कुठून येतं? आम्ही तर बेतानेच घालतो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. बार्बेक्यूत ते मुरवणीत एकदा पडतं, चाट मसाल्यातून दुसऱ्यांदा, चटणी-सॉसमधून तिसऱ्यांदा, आणि आपल्याकडे जीरावन (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) व शेव मिळून चौथ्यांदा-पाचव्यांदा. जीरावनमध्ये साधं मीठही असतं आणि काळं मीठही. काळं मीठ म्हणजे वेगळं काही औषधी नव्हे, सोडियम तेच.

मुरवणीत मीठ ठेवा, बाकी वरून टाकायचं सगळं बिनमिठाचं करा. घरचं जीरावन बिनमिठाचं होतं: भाजलेलं जिरं, धने, बडीशेप, आमचूर, सुंठ, थोडं तिखट, चिमूटभर हिंग. आमचुरामुळे मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. इंदुरात शेव बंद करा असं सांगणं व्यर्थ आहे, पण डबा मध्ये ठेवण्यापेक्षा माणशी एक मोठा चमचा वाढून डबा खाली पाठवा.

सॉसेज, सलामी, पाकिटातले कबाब चालतील?

सॉसेज-सलामी कधीतरीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. एका सॉसेजने काही होत नाही. पाकिटातल्या शाकाहारी कबाबांचं पाकीट मात्र उलटून वाचा, मीठ आणि पामतेल दोन्ही बरेचदा भरपूर असतं.

प्यायला काय ठेवावं?

थंड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर, म्हणजे सहा छोटे चमचे. निखारे समोर आहेतच, तर कैऱ्या भाजा. पाव किलोच्या दोन कैऱ्या साल काळवंडेपर्यंत भाजून गर काढा. सहा-सात ग्लास पन्हं होतं. ग्लासाला साखर किंवा गूळ २ छोटे चमचे, भाजलेलं जिरं, पुदिना, काळं मीठ चिमूटभर. गूळ घातला म्हणून साखर मोजायची नाही असं नसतं.

ताक एका वाटी दह्याला तीन वाट्या पाणी. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी एक सूचना: इंदुरी शिकंजी लिंबूपाणी नाही. ती दाट दुधाची, सुक्या मेव्याची मिठाई आहे. ती घेतली तर गोड पदार्थ झाला असं समजा.

शेगडीजवळ उभा राहणारा माणूस सगळ्यांत जास्त तापतो आणि सगळ्यांत कमी पाणी पितो. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याच्या हातात ग्लास द्या. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू असेल तर आळीपाळीने उभं राहा. बाटल्या गार करायला आणलेला कारखान्यातला लादीचा बर्फ पेयात टाकू नका, तो खायचा नसतो.

या उन्हाळ्यात अन्न किती वेळ बाहेर ठेवलेलं चालतं?

५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात. एरवी शिजलेलं किंवा नाशवंत अन्न दोन तास बाहेर चालतं, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात रात्री आठलाही पारा बऱ्याचदा त्याच्या वर असतो, म्हणून आपल्याला तासाचाच हिशेब धरायचा.

अडचण जिन्याची असते. फ्रिज खाली, शेगडी वर, त्यामुळे सगळं एकदमच वर नेलं जातं. तसं न करता कच्चं मांस तीन-चार लहान डब्यांत भरा. एक डबा वर, बाकीचे फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या थर्मोकोल पेटीत, कच्चं मांस तळाला. चक्क्याची चटणी, दह्याची कोशिंबीर, कापलेलं कलिंगड यांनाही हाच नियम. कलिंगड कापून सजवून ठेवायचा मोह आवरा, खायच्या वेळी कापा. मेयोनीजची बुडवण बाहेर ठेवण्यापेक्षा चक्का, पुदिना आणि लसणाची करा: तेल जवळजवळ नाही आणि चवही बरी.

कच्चं ज्या परातीतून आणलं त्याच परातीत भाजलेलं परत ठेवणं ही गच्चीवर सर्रास होणारी चूक आहे. चिमटेही दोन हवेत.

फॉइलमध्ये गुंडाळून भाजावं का?

कोरडा बटाटा ठीक. लिंबू, टोमॅटो, चिंच, मीठ लागलेला पदार्थ असेल तर अ‍ॅल्युमिनियम त्यात उतरतं. त्याला केळीचं पान बरं, मासळीला तर विशेषच. कणसाच्या ओल्या सालीही चांगल्या.

एकाच शेगडीवर शाकाहारी आणि मांसाहारी भाजलं तर?

तब्येतीचा प्रश्न कच्च्या मांसाच्या रसाचा आहे, म्हणून भाज्या आधी, चिकन नंतर. पण शेजारची जैन मंडळी किंवा घरातली शाकाहारी आजी येणार असेल तर प्रश्न फक्त जंतूंचा नसतो. त्यांच्यासाठी वेगळी छोटी शेगडी, वेगळी जाळी, वेगळा चिमटा ठेवा आणि तसं आधीच सांगा. बिचारे नाहीतर काकडीवर भागवतात.

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी काय सांभाळावं?

मधुमेहात पदार्थांइतकीच वेळ महत्त्वाची. निमंत्रण आठचं असतं आणि पहिली सळई साडेनऊला उतरते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर तेवढ्यात धोकादायक खाली जाऊ शकते. अशा काकांना आल्याबरोबर मूठभर फुटाणे, ताक आणि भाजलेल्या भाज्या द्या. गोळी किंवा इंजेक्शन जेवण समोर आल्यावर घ्यायचं का, ते त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर पन्हं बिनसाखरेचं आहे की नाही याची चर्चा नको, लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

रक्तदाबासाठी मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं, त्यामुळे पाहुण्यांच्या जेवणात परस्पर घालू नका.

गरोदर असल्यास?

चिकन, अंडी, मासळी पूर्ण शिजलेली आणि गरम असतानाच. कच्ची मोड आलेली उसळ नको, वाफवलेली चालेल. आणि धुराच्या उलट दिशेची खुर्ची.

गॅस किंवा विजेचा ग्रिल जास्त चांगला का?

आच हवी तशी ठेवता येते, त्यामुळे करपणं कमी होतं. कोळशाचा धूर नसतो. चरबी तापलेल्या पट्टीवर पडली तर मात्र धूर तिथेही होतोच. कोळशावर नीट भाजलेलं चिकन हे गॅसवर करपवलेल्या चिकनपेक्षा केव्हाही बरं.

अचानक वादळ आलं तर शेगडी आत न्यावी का?

कधीही नाही. वळवाच्या सरी मे-जूनमध्ये न सांगता येतात, आणि मग कोणीतरी शेगडी जिन्याच्या खोलीत किंवा बंद पत्र्याच्या शेडमध्ये ओढतं. पेटता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो जीव घेतो. निखारे विझल्यासारखे दिसत असले तरी तो निघतच असतो. पदार्थ आत न्या, शेगडी भिजू द्या.

जाळी कशी साफ करावी?

गरम असतानाच, अर्धा कांदा काट्याला टोचून घासा. तारेच्या ब्रशच्या तारा तुटून जाळीला चिकटतात आणि घासातून घशात जातात. जुनी करप निघाली नाही तर रात्रभर सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवा.

उरलेलं अन्न आणि राख?

भाजलेलं चिकन तासाच्या आत उथळ डब्यात फ्रिजमध्ये गेलं असेल तर दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी, वाफ निघेपर्यंत गरम करून खा. रात्रभर गच्चीवर झाकून राहिलेलं, वास चांगला येत असला तरी, टाकून द्या. उरलेल्या भाज्या सकाळी पोह्यांत छान लागतात.

राख वरून गार झाली तरी आतले निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत असतात. झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून दोन दिवस ठेवा आणि मगच कचऱ्याच्या गाडीत द्या. सॉसच्या पुड्या आणि फॉइल सुक्या डब्यात, हाडं आणि साली ओल्यात. शुद्ध लाकडी कोळशाची राख कुंड्यांतल्या मातीत मूठभर मिसळता येते. ब्रिकेट (कोळशाची भुकटी दाबून केलेले ठोकळे) वापरले असतील तर ती झाडांना घालू नका.